सोलापूरच्या उन्हात वितळलेले ‘पित्ताचे खडे’

‘पित्ताशयातील खडे सहा दिवसांत बाहेर, शस्त्रक्रियेची गरज नाही’ असा एक संदेश कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. पाच दिवस सफरचंदाचा रस प्यावा, सहाव्या दिवशी उपाशी राहून एप्सम सॉल्टचे (जुलाब घडवणाऱ्या क्षाराचे) पाणी घ्यावे, रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एकत्र करून प्यावा आणि सकाळी शौचातून पडलेले हिरवे खडे मोजावेत, असा त्याचा सारांश. जोडीला पित्तशामक पदार्थ आणि हुलग्याचा (कुळथाचा) काढा घ्यावा, शस्त्रक्रियेत पोट फाडतात आणि पित्ताशय काढले की पचन कायमचे बिघडते, असेही त्यात बजावलेले असते. एरवी मी असले संदेश न वाचता पुसून टाकतो. परंतु या एप्रिलमध्ये जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावशीने हा प्रयोग केला आणि पडलेले गोळे चाळणीत धुऊन, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ‘पडले की रे सगळे!’ म्हणत माझ्यापुढे ठेवले. तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

संदेशाचा सगळा डोलारा या हिरव्या गोळ्यांवर उभा आहे. त्यांचा निकाल २००५ सालीच लागला. न्यूझीलंडमधील एका स्त्रीने एक दिवस संध्याकाळपर्यंत केवळ सफरचंदाचा व भाज्यांचा रस घेऊन नंतर ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस प्यायला होता. तिला पडलेल्या ‘खड्यां’ची प्रयोगशाळेत तपासणी झाली व ती ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. खरे पित्तखडे ज्यांचे बनतात त्यांतले त्या गोळ्यांत काहीच नव्हते: कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन हे पित्तातले रंगद्रव्य नव्हते, कॅल्शियमही नव्हते; सुमारे ७५ टक्के भाग मेदाम्लांचा होता. तेलातील स्निग्धांशाचे पोटात विघटन होते आणि लिंबाच्या रसातील पोटॅशियमशी संयोग होऊन त्याचा एक प्रकारचा साबण बनतो. म्हणजे जे पडते ते आदल्या रात्री प्यायलेले तेलच असते. ४० अंश तापमानात ते गोळे दहा मिनिटांत वितळल्याचीही नोंद त्यात आहे. एप्रिलच्या सोलापुरात ४० अंशांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. मावशीच्या बरणीतला एक गोळा मी स्टीलच्या ताटलीत घालून दुपारी गच्चीवर ठेवला. चहा होईपर्यंत ताटलीत हिरवट तेलाचे थारोळे झाले होते.

‘सुपारीएवढे खडेही विनासायास पडतात’ हे वाक्य लिहिणाऱ्याने पित्तनलिकेचे चित्र कधी पाहिलेले नसावे. पित्ताशयाच्या तोंडाशी असलेली नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद आणि आतून वळ्यावळ्यांची असते. पुढची मुख्य पित्तनलिका साधारण सहा मिलिमीटरची. मावशीचा सर्वांत मोठा खडा १४ मिलिमीटरचा होता. तो त्यातून सरकणार नाही. मात्र लहान खडे सरकू शकतात, आणि खरा धोका तिथेच आहे. एकदम एवढे तेल पोटात गेले की पित्ताशय जोराने आकुंचन पावते. अशा वेळी एखादा बारका खडा मुख्य नलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावरही बेतू शकते. मावशीला त्या रात्री केवळ उलट्या, जुलाब आणि पहाटेपर्यंत कळा एवढ्यावर निभावले. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत सगळे खडे जागच्या जागी होते.

‘पित्त वाढले की खडे होतात, म्हणून पित्तशामक पदार्थ घ्या’ हा गोंधळ आपल्या भाषेचाही आहे. जळजळ झाली तरी आपण ‘पित्त झाले’ म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठले’ म्हणतो. यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाशी या दोहोंचा संबंध नाही. या एका शब्दापायी मावशीने जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून भजी खाऊन आल्यावर बरगडीखाली उठलेली आणि उजव्या खांद्यापर्यंत गेलेली कळ तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढली.

हुलग्याचा काढा ही मुतखड्याच्या उपचारातून इकडे आलेली उसनवारी आहे. मूत्रपिंड आणि पित्ताशय यांच्या वाटाच वेगळ्या. पित्ताशय काढल्याने पचन कायमचे बिघडत नाही, कारण पित्त यकृत बनवते आणि ते थेट आतड्यात उतरत राहते; काहींना काही दिवस पातळ शौचाचा त्रास होतो, इतकेच. ‘पोट फाडतात’ हा बागुलबुवाही जुना झाला: दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी १९९० सालीच मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली होती.

‘प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया लागत नाही’ हे संदेशातले एक वाक्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. त्रास न देणारे खडे बहुतेक वेळा तसेच ठेवतात, आणि कोलेस्टेरॉलचे बारीक खडे विरघळवणारे औषधही आहे. फक्त ते कित्येक महिने घ्यावे लागते आणि बंद केल्यावर खडे बरेचदा पुन्हा होतात. वारंवार कळा येणाऱ्या मावशीला यांतले काहीच लागू नव्हते. मे महिन्यात तिची शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेले खडे डॉक्टरांनी एका डबीत घालून दिले: पिवळट तपकिरी, टणक, नखाने न चिरणारे. तेही मी त्याच ताटलीत घालून गच्चीवर दुपारभर ठेवले. संध्याकाळी होते तसेच उचलून डबीत भरले.