मीटर घ्याचा हाय, बाप्पा!

आमच्याकडे बिघाड शोधायची पद्धत एकच, टेस्टर लावायचा आणि आतला दिवा लाल झाला की "लाईन आहे" म्हणून मोकळं व्हायचं. पण लाईन किती आहे? संध्याकाळी गिरणी न मोटारी एकदम सुरू झाल्या की पंखा असा फिरतो की पात्यावरची धूळ बसल्या जागेवरून मोजता येते, अन् टेस्टर मात्र तसाच लाल. त्याले 230 व्होल्ट काय न 150 काय. त्यात माझी सेकंडहँड गाडी, सकाळी किल्ली फिरवली की नुसती टक् करते न गप. एक मेकॅनिक म्हणे बॅटरी गेली, दुसरा म्हणे अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी भरते थो), तिसऱ्यानं तर बोनेट न उघडताच सेल्फ सांगितला. तिघांचे भाव ऐकले न ठरवलं, आता आपणच एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर, घ्यायचा, स्वस्तातला, शिकाऊ माणसाचा.

इथपर्यंत सोपं होतं, पण ही गोष्ट पानठेल्यावर गेली.

"काऊन बे, तुले कायले पायजे मीटर?" रिटायर लाईनमन काका. "आमच्या टायमाले दोन बल्ब सिरीजमधे जोडले की झाला टेस्टलॅम्प, थ्री फेज बी पाहून घेत होतो." आयटीआयवाला पोरगा म्हणे काटेवाला घ्या, डिजिटलमधे मजा नाही. पुण्याचा भाचा फोनवर, "मामा, ट्रू आरएमएस नसेल तर घेऊच नका," (एसीची लहर वाकडीतिकडी असली तरी बरोबर आकडा देते थो मीटर), म्हणजे हा इथं येऊन पंख्याचा कंडेन्सर बदलणार नाही पण मीटर मात्र त्याच्या पसंतीचा. अजून एकानं क्लॅम्प मीटर सुचवला, वायरीला चिमटा लावला की अँपिअर दिसते. मोटारवाल्याले थो खरंच कामाचा, पण स्वस्तातला क्लॅम्प फक्त एसी करंट दाखवतो, गाडीच्या डीसीवर लावला तर शून्य, मग गाडीत काही नाही म्हणून अजून एक बॅटरी विकत घ्या.

दारव्ह्याच्या बाजारात दुकानदारानं न विचारताच पिवळा मीटर काढून काउंटरवर ठेवला. तोच तो, डीटी 830, जिकडं तिकडं दिसते तो, दोनेकशे रुपयांत. "सारं गाव हाच नेते भाऊ, 1000 व्होल्टपर्यंत चालते." मी चष्मा लावून पाहिलं. 1000 व्होल्ट मोठ्या अक्षरात होतं हे खरं, पण 10 अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक लिहिलं होतं, अनफ्यूज्ड. म्हणजे त्या भोकात फ्यूजच नाही. आता ते भोक आतून जवळपास सरळ तारच असते, लाल वायर तिथं राहून गेली न दोन्ही टोकं भिंतीतल्या प्लगात घातली की सरळ शॉर्ट, थोही तुमच्या हातात. वायरी पाहाल तर शेवया. मीटर कोणत्या जागी लावणं सुरक्षित त्याचा दर्जा म्हणजे कॅट; घरच्या प्लगाला निदान कॅट टू लिहिलेला पायजे, घरातल्या मेन स्विचच्या बोर्डापाशी हात घालायचा तर कॅट थ्री. हे मी बोललो तर दुकानदार माझ्याकडं असा पाहे की मी कोणत्या खात्याचा माणूस आहे.

तेवढ्यात बाजूला युरियाच्या चौकशीला आलेले एक बाबाजी सरकले. त्यांनी दोन्ही टोकं तंबाखू चोळलेल्या बोटांत धरली, डायल ओहमवर होती, काचेत आकडे नाचाले लागले. "शुगर सांगते का हे?" मी म्हटलं नाही बाबाजी, हा तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स आहे. त्यांनी बोटाले थुंकी लावून परत धरलं, आकडा धडाधड खाली. "पाहा, उतरली!" ते खूष होऊन गेले, युरिया तसाच राहिला.

शेवटी सातशेच्या आसपासचा एक घेतला. दोन्ही करंटच्या भोकांना फ्यूज, कॅट थ्री, विसरलो तर आपोआप बंद होते, न टोकं टेकवली की बझर लगेच पी करते, कारण काही मीटर एवढा विचार करून वाजतात की तोवर आपण दुसऱ्या वायरीवर गेलेलो असतो. आणि खरं कारण सांगू का, यात रिमोटचे बारीक सेल लागतात. पिवळ्याले नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागते, थो आमच्या किराण्यात कधीच नसते.

गाडी पाहिली. उभ्या गाडीत बॅटरी 12.5, म्हणजे चांगली भरलेली. धक्का मारून चालू केली तर 14.1, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. मग एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर, न बायकोले म्हटलं किल्ली मार. "अहो, शॉक नाही ना लागत?" नाही, मार. दोन्ही टोकांमधे बोटभर अंतर नाही न मीटर तीन व्होल्ट दाखवते! तिथंच खात होतं सारं. क्लॅम्प काढला, आत पांढरा-हिरवा भुगा. गरम पाणी, पॉलिश पेपर, वरून थोडं ग्रीस, न गाडी पहिल्याच किल्लीत. तिघा मेकॅनिकांपैकी एकालाही हे सांगायला गेलो नाही, बाकी गावाले मात्र सांगितलं.

तेच नडलं. शेजारी मीटर मागून घेऊन गेला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत "किती अँपिअर हाय" ते पाहाले. वायर 10 अँपिअरच्या भोकात, टोकं थेट बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर. संध्याकाळी मीटर वापस, वर ऐकवलं, "हल्का निंगाला भाऊ तुमचा, एकदा फट् केलं न मंग काई दाखोलंच नाही." उघडून पाहिलं तर फ्यूज उडालेला, बाकी सारं शाबूत, शेजाऱ्याचे हातपण. फ्यूज घ्यायला परत त्याच दुकानात. तसा फ्यूज त्याच्याकडं नव्हता. त्यानं खाली वाकून पिवळा काढला न काउंटरवर ठेवला.

"म्हणून सांगत होतो भाऊ, हा न्या. याच्या त्या भोकाचा फ्यूज कदीच उडत नाही."