पिसू पाळा, कविता लिहा

प्रेमपत्रात अजून चंद्रच घालताय? सोडा हो. चंद्र काय, कुणीही आणतं. तुम्ही पिसू आणा.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ज्यांना पुढे मेटाफिजिकल (भलत्याच उपमा आणि तर्क लढवून लिहिणारे) कवी म्हटलं गेलं, त्यांचा हा खास नुस्खा. आद्यगुरू जॉन डन. या गृहस्थांनी आधी लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कायदा शिकून घेतला होता. तुम्हीही शिका. इथे काळजापेक्षा वकिली जास्त लागते.

कृती सोपी आहे. पिसू आधी तुम्हाला चावू द्या, मग तिला. (ती म्हणजे प्रेयसी. मराठीत पिसूही ‘ती’च, तेव्हा जपून लिहा.) मग मुद्दा मांडा : दोघांचं रक्त एका पोटात मिसळलं, म्हणजे लग्न लागल्यातच जमा! पिसू हीच शेज, हेच देऊळ. तिनं पिसूवर नख उगारलं, तर तीन जीव घेतल्याचा ठपका ठेवा : तुमचा, तिचा आणि पिसूचा. डनच्या कवितेत दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधल्या कोऱ्या जागेत प्रेयसी पिसू चिरडूनही टाकते. आपण असतो तर गप्प घरी गेलो असतो. डन म्हणतो, बघ, पिसू मेली तरी तुझं काही बिघडलं नाही ना? मला हो म्हणालीस तर अब्रूही तेवढीच जाईल!

विरहासाठी, डनच्याच दुसऱ्या एका कवितेतून, कंपास घ्या. दुकानदार कर्कटक देईल, ते परत करा. दोन्ही टोकांनी नुसतं टोचतं, वर्तुळ निघत नाही. कंपासाचा एक पाय रोवलेला, दुसरा फिरणारा. फिरणारा लांब गेला की रोवलेला त्याच्याकडे झुकतो, परतला की ताठ होतो. कुठला पाय कुणाचा, यावर वाद नको. कविता लिहितो तो फिरतो.

टीकेला घाबरू नका. कवी-समीक्षक ड्रायडननं १६९३ मध्ये तक्रार केली की, डन प्रेमाच्या कवितेतही बायकांच्या डोक्याला तत्त्वज्ञानाचा ताप देतो. १७७९ मध्ये कोशकार-समीक्षक डॉ. जॉन्सननं म्हटलं, या मंडळींनी भलभलत्या कल्पना जबरदस्तीनं एका जुवाला जुंपल्या. बैलांना विचारलं कुणी?

मात्र वकिली कागदावरच ठेवा. डिसेंबर १६०१ मध्ये डननं मालकाच्या दिवंगत बायकोच्या भाचीशी, अ‍ॅन मोरशी, गुपचूप लग्न केलं. सासऱ्यापुढे एकही उपमा चालली नाही. नोकरी गेली, नवरदेव तुरुंगात, लग्न लावणारा पाद्रीही तुरुंगात.

कंपासाची ती कविता डननं १६११ मध्ये फ्रान्सला निघताना अ‍ॅनला दिली, असं त्याचा चरित्रकार वॉल्टन सांगतो. रडू नकोस, असा तिचा मथितार्थ. अ‍ॅन तेव्हा गरोदर होती, घरात आधीची पोरं होती. रोवलेला पाय हलणार तरी कुठे?