ऑपरेशनच्या आधी घरी रेझर फिरवू नका
व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरीच ब्लेडने सगळे केस साफ करून जा म्हणजे जखमेत पू होत नाही. हे चुकीचंय, उलट याने धोका वाढतो.

केसांमुळे इन्फेक्शन होतं असं वाटणं साहजिक आहे पण खरी भानगड रेझरची आहे. ब्लेड फिरवताना कातडीला बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्याला दिसतही नाहीत, आणि आपल्याच कातडीवरचे जंतू त्यात शिरून रात्रभर वाढत बसतात, मग सकाळी नेमका तिथेच छेद घ्यायचा असतो! १९७१ च्या एका अभ्यासात रेझर वापरलेल्यांमध्ये ५.६ टक्के लोकांना जखमेचं इन्फेक्शन झालं आणि केस न काढलेल्या किंवा क्रीमने काढलेल्यांमध्ये फक्त ०.६ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलंय की केस शक्यतो काढूच नका, अगदीच आड येत असतील तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) कापा, रेझर कधीच नाही. क्लिपर केस बारीक कापतो, कातडी खरवडत नाही. क्रीमनेही काहींना पुरळ येतं, तेव्हा तेही स्वतःच्या मनाने लावू नका.

घरी फक्त साबणाने स्वच्छ आंघोळ करा. आधीच शेव्हिंग केलं असेल, कापलं असेल, तर लपवू नका, भरती होतानाच सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा.