टॅपेट आपोआप बसत नसतात

सांगली-मिरजेकडच्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. इंजिनात फिरत्या कॅमचा उंचवटा (लोब) टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड ही दांडी ढकलतो, ती रॉकर ही तरफ हलवते आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो; या साखळीत ठेवलेली बारीक फट म्हणजे गॅप. सल्ल्याचा सारांश असा: इंजिनाचं काम केल्यावर टॅपेट वाजतातच. हजार किलोमीटर गाडी पळवा, आपोआप बसतील. नाही बसले तर जाड ऑइल घाला. तरी वाजले तर रॉकरचे स्क्रू अर्धा फेरा आवळा. एवढं करूनही थांबत नसेल तर हायड्रॉलिक लिफ्टर गेले समजा आणि नवे टाका. अँबेसिडर असो, पद्मिनी असो की परदेशी व्ही-८, सगळ्यांना औषध एकच. या सल्ल्यापायी नुकतीच बांधलेली इंजिनं पुन्हा खोलावी लागतात.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. अँबेसिडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर नाहीतच. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात नाहीत, महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्येही नाहीत. तिथे साधे टॅपेट असतात आणि गॅप हातानेच ठेवावी लागते. तेलाच्या दाबावर स्वतःची गॅप भरून काढणारे लिफ्टर शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकसारख्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत भेटतात. जी वस्तू इंजिनात नाहीच, ती खराब कशी होईल?

अर्ध्या फेऱ्याचा सल्लाही त्याच व्ही-८ कडून आलेला आहे आणि वाटेत त्याचा निम्मा भाग गळलाय. तिथे नियम असा: व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना पुशरॉडची वर-खाली ढिलाई नेमकी संपेपर्यंत नट आवळायचा आणि त्या शून्यापासून पुढे अर्धा ते एक फेरा द्यायचा. पुशरॉड बोटांनी फिरवून शून्य शोधू नये. तेल लागलेला पुशरॉड शून्य ओलांडल्यावरही फिरतो. आधीच फेरा दिलेल्या नटाला ‘आणखी अर्धा’ दिला तर लिफ्टरमधला दट्ट्या (प्लंजर) तळाला टेकू शकतो. मग व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं.

साध्या टॅपेटच्या इंजिनावर हेच केलं तर काय होतं, याचा हिशोब करून बघा. स्क्रूला इंचाला २४ आटे धरले तर अर्ध्या फेऱ्यात तो सुमारे अर्धा मिलिमीटर सरकतो. अँबेसिडरची गॅप १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिमी. अर्ध्या फेऱ्यात ती संपते आणि वर व्हॉल्व्ह उघडा राहतो. आवाज लगेच बंद होतो, मालक खूश होतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर पेठ नाका ते सातारा हायवेवर सलग पळवताना त्याची कड जळायला लागते.

‘हजार किलोमीटरमध्ये बसतील’ यात एक अर्धसत्य आहे. हेड आणि ब्लॉकमधलं नवं गॅस्केट पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात दबतं आणि नव्याने कापलेल्या सीटवर व्हॉल्व्हही थोडा आत बसतो. दोन्हींमुळे गॅप कमी होते आणि आवाज खरंच उतरतो. पण ते सुधारणेचं लक्षण नाही, गॅप संपत चालल्याची खूण आहे. म्हणून हेडचे नट पुस्तकातल्या टॉर्कला आणि पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा आवळणं आणि त्यानंतर टॅपेट नव्याने लावणं, ही दोन्ही कामं ५०० किलोमीटरच्या आतच व्हायला हवीत. बी-सिरीजमध्ये रॉकर शाफ्टचे (रॉकर ज्या दांड्यावर झुलतात त्याचे) काही नट हेडचेही असतात. त्यामुळे शाफ्ट काढला की हेडचा दाब बदलतो, हे शाफ्टला हात लावण्याआधीच लक्षात ठेवावं.

उलट हजार किलोमीटरमध्ये आवाज वाढत गेला किंवा लावलेली गॅप दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पुन्हा मोठी झाली, तर कॅमचा लोब किंवा टॅपेटचा तळ खाल्ला जातोय. अशी गाडी ‘बसेल’ म्हणून पळवत राहिली तर लोखंडाचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतो. नव्या कॅमचं भवितव्य पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो, म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. तो फिरला नाही तर एकाच जागी घासला जाऊन संपतो. यासाठी बांधताना लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमचं असेंब्ली ल्युब लावायचं. आधी प्लग काढून, स्टार्टर मारून ऑइल प्रेशर दिसू द्यायचं. मग इंजिन सुरू होताच २० ते ३० मिनिटं १५०० ते २५०० आरपीएममध्ये वर-खाली फिरवत ठेवायचं, आयडलला सोडायचं नाही. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच टाकू नयेत. जुनाच कॅम ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परत जायला हवा, म्हणजे काढतानाच नंबर घालायचे.

जाड ऑइलबद्दल थोडक्यात. आपल्या हवेत या इंजिनांना २०डब्ल्यू-५० पुरेसं जाड आहे. त्याहून जाड तेल सकाळी रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ शाफ्ट कोरडा घासतो. या इंजिनांना जाडीपेक्षा झीज रोखणारी झिंक-फॉस्फरसची भर जास्त महत्त्वाची. नव्या गाड्यांच्या पातळ ३० ग्रेड पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंतच ठेवलेला असतो आणि सरकत्या टॅपेटला तो कमी पडतो. डिपस्टिकच्या खुणेच्या वर तेल भरणंही घातकच: क्रँक तेल घुसळतो, फेस होतो आणि हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये हवा शिरून तोच आवाज पुन्हा येतो.

आता ज्या वाक्याने सल्ला सुरू होतो, त्याकडे येऊ: ‘टॅपेट वाजतात’. टॅपेटच वाजतायत, हे ठरवलं कुणी? मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना एकेक तार सुटी वाजवून ऐकतो. इथेही आवाज सुटा करायचा. ८०० आरपीएम आयडलला एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला साधारण सहा-सात वेळा येते, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या दुप्पट वेगाने जड ठोका येत असेल तर रॉकर कव्हर उघडण्यात वेळ घालवू नका, खाली कनेक्टिंग रॉड बघा. त्यानंतर एकेक प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूला (अर्थला) लावा. आवाज उतरला तर त्या सिलिंडरचा रॉड, पिस्टन किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती. व्हॉल्व्ह-गिअरचा, म्हणजे टॅपेट ते व्हॉल्व्ह या साखळीचा, आवाज या चाचणीने सहसा बदलत नाही. मॅनिफोल्डची फुसफुस हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते. थंड इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. कॅमवर चालणाऱ्या फ्युएल पंपाचा आर्मही त्याच लयीत वाजतो.

इतकं करून आवाज वरचाच ठरला, तर आयडलवर एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये २ थाउची पट्टी सरकवा. ज्याच्यावर टिकटिक मंदावते, तो गुन्हेगार. लावताना नऊची बेरीज पाळा: १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ८ लावायचा, २ उघडा असताना ७, ३ ला ६, असं. गॅप बरोबर असूनही वाजत असेल तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे खड्डा पडलेला असतो. फिलर गेज खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकतो आणि १५ दाखवतो, खरी गॅप मात्र २० च्या वर असते. कितीही सेटिंग करा, तो वाजणारच. टोक घासून सपाट करून घ्या किंवा रॉकर बदला. शाफ्टची खालची बाजूही नखाने चाचपा. कंगोरा लागला तर शाफ्ट आणि बुश गेलेत. शाफ्ट उलटा बसला असेल तर तेलाची भोकं चुकीच्या दिशेला जातात आणि नवा शाफ्टही लवकर खाल्ला जातो.

हेही सगळं ठीक निघालं तर डायल गेज पुशरॉडच्या डोक्यावर लावून आठही लोबची उचल मोजा. सगळे इनलेट आपसात आणि सगळे एक्झॉस्ट आपसात जुळले पाहिजेत. एखादा कमी निघाला तर ऑइल फिल्टर कापून कागदावर चुंबक फिरवा. चुरा चिकटला की कॅम आणि आठही टॅपेट एकत्र बदलावे लागतील, संप (इंजिनाच्या तळाची तेलटाकी) आणि गॅलऱ्या (तेलाच्या वाटा) धुवाव्या लागतील आणि बेअरिंगच्या कॅप उघडून बघाव्या लागतील.