पद्मिनीत ‘रेसिंग कॅम’: मामांपर्यंत पोचलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री मामांचा फोन आला. त्यांच्या 1978 च्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन खाली उतरवलंय. तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट, म्हणजे कॅमची उचल वाल्वकडे नेणारा भाग, कितीही सेट केला तरी वाजायचा. उघडल्यावर कॅमशाफ्टचा एक लोब, म्हणजे वाल्व उचलणारा उंचवटा, झिजलेला निघाला. इथवर ठीक. पण मामा म्हणाले, “तसाच कॅम कशाला शोधायचा? रेसिंगचा टाकतो. वीस हॉर्सपॉवर वाढतात म्हणे.” आणि मागोमाग तो मेसेज पाठवला. महिन्याभरात हाच मेसेज मला आणखी तिघांकडून आलाय.

त्यात म्हटलंय ते असं: रेसिंग कॅमने वीस हॉर्सपॉवर वाढतात आणि बाकी काही बदलावं लागत नाही, जुने टॅपेट चालतात, जुना कॅम घासूनही रेसिंगचा होतो, आजच्या इंजिन तेलात झीज रोखणारं झिंकच नसतं, आणि नवा कॅम बसवल्यावर इंजिन अर्धा तास आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ठेवायचं, म्हणजे ‘पार्ट सेट होतात’.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने इंजिनाचा जीव जातो.

पद्मिनीचा कॅम ब्लॉकमध्ये असतो. त्यावर टॅपेट, मग पुशरॉड नावाची दांडी, मग वाल्व दाबणारा रॉकर. लोब आणि टॅपेट एकमेकांवर घासतच चालतात, मधे रोलर नाही. दोघं टेकतात ते जेमतेम एका रेषेवर, आणि वाल्व मिटवणाऱ्या स्प्रिंगचा सगळा दाब त्या रेषेवर. असल्या इंजिनात लोबवरचं बरंचसं तेल क्रँकवरून उडून येतं. आयडलवर क्रँक हळू, म्हणून तेल कमी. शिवाय आयडलवर लोबच्या टोकाला स्प्रिंगचा पूर्ण दाब बसतो. वेग वाढला की वाल्व-टॅपेटच्या जडत्वामुळे तिथला दाब उलट हलका होतो. म्हणजे तेल सगळ्यात कमी तेव्हाच दाब सगळ्यात जास्त, आणि तेही कोऱ्या, अजून न जुळलेल्या लोबवर! कॉम्प कॅम्स ही अमेरिकेतली कॅम बनवणारी नावाजलेली कंपनी. तिच्या सूचना स्पष्ट आहेत: इंजिन सुरू होताच 2000 ते 2500 आरपीएमवर न्या आणि सुरुवातीला तिथेच ठेवा. म्हणून लोबवर झीज रोखणारी पेस्ट, रेडिएटरमध्ये पाणी, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि इग्निशनचा टायमिंग हे सगळं आधीच तयार हवं. स्टार्टर घरघरत बसायचा नाही.

मी स्वतः एका गॅरेजवाल्याचं ऐकून आयडलवर ठेवलं होतं. दोन लोब सपाट झाले, लोखंडाचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत गेला, इंजिन पुन्हा पूर्ण उघडावं लागलं. मामांवर ती वेळ यायला नको.

आता वीस हॉर्सपॉवर. हे 1089 सीसीचं इंजिन मुळात चाळीसच्या आसपास देतं. नुसत्या कॅमने दीडपट? अशक्य. रेसिंग कॅम इनलेट वाल्व जास्त वेळ उघडा ठेवतो. पिस्टन वर यायला लागला तरी तो मिटलेला नसतो. इंजिन वरच्या आरपीएमला असलं की आत येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण स्वतःच्या वेगाने घुसत राहतं. पंधराशे आरपीएमला मात्र पिस्टन तेच मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. मामा गाडी चालवतात कोल्हापुरात, राजारामपुरी ते रंकाळा, कधीमधी आंबा घाट. तिथे जो पिकअप लागतो तोच हा कॅम खाऊन टाकतो.

‘बाकी काही बदलावं लागत नाही’ हेही खोटं. कार्बोरेटर, एक्झॉस्ट, स्प्रिंग आणि कॉम्प्रेशन हे सगळं त्या कॅमशी जुळावं लागतं. लिफ्ट, म्हणजे वाल्व उचलला जाण्याची उंची, वाढली तर वाल्व पिस्टनवर आपटत नाही ना, हे पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचा गोळा ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघावं लागतं. हे मेसेजात कुठेच नाही.

जुने टॅपेट नव्या कॅमवर चालत नाहीत. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, लोब किंचित उतरता, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरतो. झिजून खोलगट झालेला टॅपेट फिरत नाही, तो लोब खरवडतो. कॅम जुनाच ठेवायचा असेल, तर त्याचेच टॅपेट आपापल्या जागी चालतात, एवढं मान्य.

घासण्याबद्दल एवढंच, की घासताना वरचा कडक थर जाऊ शकतो.

झिंकच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी 2004 च्या आयएलएसएसी जीएफ-4 या इंजिन तेलाच्या मानकात फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर आणला, आणि दोन्ही एकाच रसायनातून येत असल्याने त्याबरोबर झिंकही घटलं. पण घटलं, संपलं नाही. ती मर्यादाही 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ तेलांना आहे, 20डब्ल्यू-50 सारख्या जाड तेलाला नाही.

मामा, मूळ मापाचाच कॅम आणि आठ नवे टॅपेट मागवा. जुने फेकू नका, नंबर टाकून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. रविवारी मी डायल गेज, म्हणजे बारीक माप दाखवणारं यंत्र, घेऊन येतो, बाकीचे सातही लोब मोजून बघू. आणि मी येईपर्यंत मिस्त्रीला काही बसवू देऊ नका.