नाल्याकडची खिडकी बंद ठेवा

परवा आमच्या शाळेचं आंतरराष्ट्रीय सहकार्य झालं. दुपारी एकला सुरू झालं आणि एक चाळीसला संपलं. त्यातली दहा मिनिटं 'हॅलो, आवाज येतोय का' यात गेली. उरलेल्या तीस मिनिटांच्या बळावर मी आता या विषयातली तज्ज्ञ झाले आहे. यापेक्षा कमी वेळात झालेले तज्ज्ञ आमच्याकडे दर महिन्याला प्रशिक्षण द्यायला येतात, त्यामुळे मला संकोच वाटत नाही. तुमच्याही शाळेला परदेशी शाळेशी हात मिळवून पर्यावरण शिक्षण बळकट करायचं असेल, तर पुढच्या सूचना नीट वाचा.

सगळ्यात आधी देश निवडा. देश थंड हवा. ढाका, कोलंबो, जकार्ता असली दमट, गर्दीची, पाण्यात बुडणारी शहरं चुकूनही निवडू नका. त्यांची आणि आपली दुखणी सारखी निघतील आणि मग खरोखरच बोलत बसावं लागेल. आम्ही नेदरलँड्स निवडला. आमच्या ट्रस्टींचा भाचा तिथे असतो.

मग अभ्यासदौरा. तो एप्रिलमध्ये काढा. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असतात म्हणून शिक्षक आड येत नाहीत, आणि तिकडे ट्यूलिप फुललेले असतात. आमच्याकडून तिघं गेली: ट्रस्टी, ट्रस्टींच्या सौ. आणि संस्थेचे हिशेबनीस. ग्रुपवर फोटो आले. निम्मे ट्यूलिपचे, निम्मे पवनचक्कीसमोरचे. त्यातल्या कितीतरी पवनचक्क्या समुद्रसपाटीखालच्या जमिनीतलं पाणी उपसून काढायला बांधलेल्या आहेत. त्या देशाची सुमारे चौथाई जमीन आजही समुद्राच्या पातळीखाली आहे. आणि आपल्याकडे मुंबईत भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की हेच उपसायचं काम हाजी अलीचं, इर्ल्याचं, लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन करतं. एवढं एक जरी तिघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं असतं, तरी आठवीचे दोन तास सोन्यासारखे गेले असते. असो. चीज आणलं होतं. एक डबी, सत्तावीस जणांत.

करारात 'शाश्वत' हा शब्द निदान नऊ वेळा यावा. कोण, काय, कधी करणार हे मात्र येऊ देऊ नका.

भाषणात तिबिलिसी घाला. उच्चार कोणालाच येत नसल्यामुळे चुकायची भीती नाही. १९७७ च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या जॉर्जियात, तिबिलिसी शहरात युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मिळून पर्यावरण शिक्षणाची पहिली आंतरसरकारी परिषद भरवली. पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपण अजून पहिल्या पायरीवर आहोत. दरवर्षी ५ जूनला जाणीव करून देतो, पण तेव्हा शाळा उघडलेल्या नसतात म्हणून शिक्षकच शिक्षकांना करून देतात आणि फोटो काढतात. या परिषदेची तिशी २००७ साली अहमदाबादला साजरी झाली, म्हणजे मुंबई सेंट्रलवरून एका रात्रीच्या गाडीवर. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९१ मध्येच सांगून ठेवलंय की पर्यावरण शिकवा. शिकवतो की! अकरावी-बारावीला जर्नल असतं. मागच्या वर्षीच्या ताईकडून आणायचं, स्केचपेनचा रंग बदलायचा, सही घ्यायची.

फळ्यावर 'पर्यावरण वाचवा' ही अक्षरं थर्माकोलचीच लावा. २०१८ पासून राज्यात बंदी आहे म्हणून ती हल्ली थोडी महाग मिळतात.

झाड लावायचं असेल तर गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावा. त्याला सवय झालीय.

पाहुणे पडद्यावर असले तरी शाल-श्रीफळ चुकवू नका. आमच्या मुख्याध्यापकांनी शाल लॅपटॉपला घातली. दीड मिनिट नेदरलँड्सला नुसतं जांभळं दिसत होतं. त्यांना ती आपली काहीतरी प्रथा वाटली असावी, कारण शाल काढल्यावर तिकडून टाळ्या आल्या.

वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. तिथे सकाळचे साडेनऊ म्हणजे जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा एक. सकाळच्या सत्राची पोरं साडेबाराला सुटतात. त्यांना थांबवून ठेवा. खिचडी नंतर गार मिळते, पण जागतिक दृष्टी मिळते.

फोटो जिओटॅग करून, म्हणजे त्यावर ठिकाण उमटवून, लिंकवर टाका. लिंक रात्री बाराला बंद होते.

आता खिडकी. आमची शाळा कुर्ल्यात, मिठीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्याकडे अजून सगळे तिला नालाच म्हणतात. २६ जुलै २००५ पर्यंत निम्म्या मुंबईला ती नदी आहे हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिने स्वतःच घरोघर जाऊन ओळख करून दिली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरचं पात्र, पण नदी ती नदी. तर, पर्यावरणावर मीटिंग असेल तेव्हा तिच्याकडची खिडकी बंद ठेवा. वास कॅमेऱ्यात येत नाही हे मला कळतं, पण 'रिस्क कशाला, बाई' असं मला सांगण्यात आलं. जूनची दुपार, पंखे आवाज करतात म्हणून बंद, वर्गात साठ पोरं, आणि विषय: निसर्गाशी नातं.

आणि मुलं. मुलं निवडण्यात खरं कौशल्य आहे. आमच्या संस्थेचं एक इंग्रजी माध्यम आहे, पलीकडच्या इमारतीत. पहिल्या दोन बाकांवर तिथली मुलं आणून बसवली, इस्त्रीचे गणवेश घालून. त्यांना पाच-पाच ओळी पाठ करायला दिल्या होत्या. पृथ्वी आमची आई आहे, पाणी हे जीवन आहे, वगैरे. आमची मराठी माध्यमाची पोरं मागे, गर्दी दिसावी म्हणून. गंमत अशी की पुढची मुलं बसने येतात, घाटकोपरहून, चेंबूरहून. मिठीच्या काठावर राहतात ती मागची. पण त्यांना इंग्रजी येत नाही आणि नदी फक्त इंग्रजीतच सांगता येते, असं समन्वयक बाईंचं मत पडलं. या बाई एका सल्लागार संस्थेकडून आल्या होत्या. त्यांचं मानधन किती हे मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही, कारण आमची प्रयोगशाळेतली तुटलेली परीक्षानळी बदलून मागितली तर तीन महिने 'निधी नाही' ऐकावं लागतं आणि मला तो राग वेगळ्या लेखासाठी राखून ठेवायचा आहे.

गाणं झालं. ओळी झाल्या. तिकडची मुलं शहाण्यासारखी ऐकत होती. मग एका पिवळ्या टीशर्टातल्या पोराने हात वर केला. त्याला कोणी काही पाठ करायला दिलं नसावं. त्याने विचारलं, तुमची नदी पावसात घरात शिरते असं आम्ही वाचलं, तर पाणी किती वर येणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?

पुढच्या बाकांवर शांतता. हे पाठांतरात नव्हतं.

मागून एक हात वर गेला. आठवी 'ब' मधली मुलगी. मला माहीत होतं ती काय सांगणार, कारण तिची वही मी तपासली आहे. तिच्या आजोबांनी घराच्या भिंतीवर कोळशाने खुणा केल्यात. २६ जुलै २००५ ची खूण पोटमाळ्याच्या फळीला टेकलेली. खाली २९ ऑगस्ट २०१७. मग २ जुलै २०१९. दिवाळीला भिंतीला रंग लावतात तेव्हा तेवढी पट्टी सोडून लावतात. पोरीने फूटपट्टीने सगळ्या खुणा मोजून आलेख कागदावर उतरवल्यात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ती यादी तिने शेजारी चिकटवलीय. भरती दुपारची असेल आणि सकाळपासून पाऊस धरला असेल तर गव्हाचा डबा, दप्तर आणि आजीची औषधं वर. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तिबिलिसीची पाचही उद्दिष्टं त्या वहीत आहेत आणि ती वही चौदा रुपयांची आहे.

ती उभी राहिली. 'बाई, मी सांगू?'

समन्वयक बाईंनी माईक बंद केला. हसऱ्या चेहऱ्याने समोरच्यांचे आभार मानले, वेळ संपत आल्याचं सांगितलं, आणि जलसंवर्धनाच्या गीताचा व्हिडिओ लावला. मीटिंग संपल्यावर ट्रस्टी मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, घरात नाल्याचं पाणी येतं हे परक्यांना सांगायचं असतं का? शाळेचं नाव जातं.'

मी आणखी चार विनोदी सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्या राहू द्या.

अहो, तो पोरगा नेदरलँड्सचा होता! १९५३ च्या फेब्रुवारीत, एका रात्रीत समुद्र त्यांचे बांध फोडून आत आला आणि १८३६ माणसं गेली. त्या पाण्याच्या खुणा तिकडेही भिंतींवर जपून ठेवल्यात. त्या खुणांपासून पुढे त्यांनी समुद्र अडवायचे बांध आणि दरवाजे बांधले. त्या पोराने तुमच्या इभ्रतीबद्दल विचारलंच नव्हतं. त्याच्या घरातली भिंत आणि आमच्या पोरीच्या घरातली भिंत, दोघांनी एकमेकांना दाखवायच्या होत्या. यालाच सहकार्य म्हणतात. त्याला भाचा लागत नाही, ट्यूलिप लागत नाहीत, समन्वयक तर मुळीच लागत नाही. तिच्या मराठीचं इंग्रजी करायला मी तिथे उभी होते. दोन वाक्यांचं काम होतं.

लाज कशाची वाटते तुम्हाला? पाणी घरात शिरतं याची लाज तिला वाटायची काय गरज आहे? नदीला भिंती घालून घालून तिचा नाला ज्यांनी केला, गाळ काढल्याची बिलं ज्यांनी पास केली, त्यांना वाटू द्या. आठवीतल्या पोरीला गप्प बसवून तुम्ही तिला काय शिकवलंत? की तिला जे खरोखर येतं ते ज्ञान नव्हे, आणि घाटकोपरच्या मुलाने पाठ केलेल्या पाच ओळी ज्ञान आहेत. शाळेने शिकवायची ही गोष्ट आहे का? साठ पोरांना बंद खिडकीत उपाशी बसवून?

पुढची मीटिंग १४ तारखेला आहे. विषय आलाय: 'पाणी: एक वैश्विक वारसा', समूहगीत आणि वेशभूषा. ती पहिल्या बाकावर बसेल, वही घेऊन. केव्हाच्या भरतीला पाणी कुठपर्यंत आलं हे ती मराठीत सांगेल, मी इंग्रजीत सांगेन. लॅपटॉपच्या शेजारी मी उभी असेन. माईकला हात लावून बघा.