खापरपणजोबांच्या मृत्यूचा दाखला आणा म्हणे!

"मॅडम, हे मयत आहेत याला पुरावा काय?"

हे म्हणजे माझे खापरपणजोबा. त्यांचं मृत्युपत्र १८९० सालचं, आणि तेव्हा त्यांना नातवंडं होती. आज असते तर पावणेदोनशेच्या पुढे असते. तसे असते तर मी मृत्युपत्राच्या नकलेसाठी अर्ज कशाला केला असता, त्यांनाच हाताला धरून नोंदणी कचेरीत आणलं नसतं?

कायदा वाचून गेले होते मी. मृत्युपत्रं तीन नंबरच्या बुकात नोंदवतात. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला नाहीतर त्याच्या मुखत्याराला मिळते, तो गेला की मागेल त्याला. नियमात खोट नाही. पण समोर शके १८११ लिहिलेलं दिसतंय ना? "ते बरोबर आहे हो, पण फाइलला काहीतरी लावायला लागेल." शेवटी खापरपणजोबा मरण पावले आहेत असं प्रतिज्ञापत्र मी करून दिलं. सही करताना हसू पण आलं नाही, इतकी वैतागले होते.

आणि ही दुसरी खेप. आजोबांच्या वहीत 'शके १८११, माघ' अशी टीप होती. पहिल्या खेपेला तिथल्या माणसाने मोबाइलवर अठ्ठ्याहत्तर मिळवले, १८८९ची सूची चाळली आणि "नोंद आढळून येत नाही" असा शेरा मारून मोकळा झाला. अरे, माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत! तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, एकोणऐंशी मिळवायचे. दर वर्षी माघी गणपती करणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं? त्यात पाच आठवडे गेले, वर मालवणची एक फेरी फुकट.

एवढा आटापिटा जमिनीसाठी नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता पाटी करून गळ्यात अडकवणार आहे. मला खापरपणजीचं नाव हवंय. फक्त नाव.

सातबाऱ्यावर बघितलंच होतं. सगळी जमीन सामाईक, नावांची ही रांग आणि प्रत्येकापुढे आणेवारी, म्हणजे त्याचा वाटा आण्यांत. सोळा आण्यांचे तीन भावांत पाच आणे चार पै, त्यातल्या एकाच्या चार मुलांना एक आणा चार पै, पुढच्या पिढीत पैचेही तुकडे. नाणं चलनातून गेलं, आमच्या उताऱ्यावर अजून चालू आहे! पैपर्यंत हिशोब चोख, माणसांचा मात्र पत्ता नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली हौस, त्यामुळे बाबाजी बिन विठोजी, विठोजी बिन बाबाजी, परत बाबाजी बिन विठोजी. यातला आपला कुठला, ओळखा. जुन्या फेरफारात थोरल्या भावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि उरलेलं घर त्या तीन अक्षरांच्या पोटात. बायका येतात त्या 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमुकची बायको म्हणून, त्याही बहुतेक नवरा मेल्यावरच. आमची खापरपणजी तर हक्कनोंदणीच्या १९०३च्या कायद्याआधीच गेलेली. त्यामागचं सगळं खोताच्या दप्तरात, आणि १९४९च्या कायद्याने खोती गेली ती जाताना दप्तरं पण घेऊन गेली असावी.

गावात चुलतकाकांच्या माळ्यावर कागदांची पेटी आहे. ती आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक, काकांना तेवढं ठाऊक नाही. "तुका कित्या होये ते कागद? लगीन झाला मा तुझा?" काका, मला नाव हवंय हो. "नावाचा काय करतलंस? वाटणी मागूक इलंस, तां सांग सरळ." पेटी उघडली नाहीच. वाळवीला मात्र ती वाटणी न मागता मिळते आहे.

अखेर नक्कल हातात पडली. मोडीत, अर्थात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, हात न उचलता ओढलेल्या ओळी, कडा दमटपणाने गेलेल्या. या सगळ्या प्रकरणात माणसासारखे वागले ते एकटे मोडी वाचणारे गुरुजी. पैसे आधी सांगितले, तेवढेच घेतले, जे लागलं नाही तिथे 'अक्षर लागत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं.

त्यांनी वाचून दाखवलं. माड चौदा. रायवळ आंबे तीन. विहिरीजवळचा फणस एक, कापा. तांब्याचा हंडा एक, कान तुटका. आणि मग, "आमचे कुटुंब हिचे हयातीत अन्नवस्त्र चालवावे."

मी म्हटलं, गुरुजी, पुढे नाव असेल बघा. त्यांनी भिंग घेतलं, पान उलटून पाहिलं, परत पहिल्यापासून वाचलं. नव्हतं. फणस कापा की बरका हे लिहिलंय! हंड्याचा कान लिहिलाय! बायको म्हणजे 'कुटुंब', संपलं. दोन शब्दांची शाई वाचवलीत, खापरपणजोबा. कोणासाठी?

घरी पोचते न पोचते तोच काकांचा फोन. पेटीबद्दल अवाक्षर नाही, आवाज मात्र एकदम गोड.

"गावला मा गो मृत्युपत्र? मगे, आमच्या वाट्याक किती आणे?"